‘उलंगवाडी’ की ‘वेचणी संपली’?

धागाकर्ता (यवतमाळ जिल्हा): माझ्या कथेचे पहिले वाक्य होते : ‘उलंगवाडी झाली आणि वावर मोकळे पडले.’ एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ते ‘कापसाची वेचणी संपली आणि शेत रिकामे झाले’ असे छापले. अर्थ तोच राहिला, हे मान्य. परंतु वेचणी संपते तेव्हा काम उरकते, आणि उलंगवाडी होते तेव्हा राखण उठते, कोणाचीही शेळी धुरा (बांध) ओलांडून पऱ्हाटीत (कपाशीत) शिरली तरी तिला कोणी हाकलत नाही. कथेतला म्हातारा त्याच बेवारसपणात बसलेला आहे. शब्द बदलल्याने त्याची कळाच गेली.

वऱ्हाडी वाचक : मी असहमत आहे. बोलीतला शब्द घातला की वातावरण आपोआप उभे राहते, हा आपल्याकडच्या लेखकांचा लाडका समज आहे. कोकणातल्या वाचकाला उलंगवाडी ठाऊक नसेल, तरी ‘मोकळे पडले’ त्याला नक्की लागेल. ‘रिकामे झाले’ हे पोत्याविषयीही म्हणता येते. ‘पडले’मध्ये मात्र कोणीतरी सोडून गेल्याची जाणीव आहे. संपादकांनी खरा घात तिथे केला, आणि ते दोन्ही शब्द तर प्रमाण मराठीतलेच आहेत.

कास्तकार : दोघांनीही उलंगवाडी उदास असते असे गृहीत धरले आहे. आमच्या घरी माघ-फाल्गुनात ती झाली की आई सुटकेचा श्वास टाकते, कारण वेचणाऱ्या बायांच्या मागे फिरणे थांबते. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा मात्र अनेकांनी बोंडे किडल्यामुळे उभ्या पऱ्हाटीत ढोरे सोडली. तीही उलंगवाडीच, फक्त वेळेआधीची. शब्द एकच, मग भाव त्या शब्दात होता की महिन्यात?

धागाकर्ता : हा आक्षेप मला मान्य करावा लागेल. वाक्य आता असे वाचावे : ‘मार्गशीर्षातच उलंगवाडी झाली आणि वावर मोकळे पडले.’ उलंगवाडी मात्र मी काढणार नाही.

वऱ्हाडी वाचक : काढू नका. पण आता सगळे काम तो ‘च’ करतो आहे, एवढे तरी कबूल करा.