एच-इंडेक्स ४० : माणूस मोठा की यादी?

पिपेटवाला
परवा मित्रानं मॉलिक्युलर बायॉलॉजीतल्या एका संशोधकाचं प्रोफाइल पाठवलं. १२० पेपर, ९,००० सायटेशन, एच-इंडेक्स ४०. खाली एकच ओळ: "दबदबा आहे ना?" (नवख्यांसाठी: सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरांत झालेला उल्लेख; एच-इंडेक्स ४० म्हणजे प्रत्येकी निदान ४० वेळा उल्लेख झालेले ४० पेपर.)

मला नसती खाज, म्हणून अख्खी यादी उघडली. २,००० सायटेशन एकट्या रिव्ह्यूची, म्हणजे इतरांच्या कामाच्या आढाव्याची. साठेक पेपरांत हे गृहस्थ लेखकांच्या मधल्या गर्दीत. आमच्याकडे पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं. मधल्यांपैकी कोणी दोन जेल (डीएनए किंवा प्रथिनं वेगळी करून बघायची चाचणी) चालवलेली असतात, कोणी प्लास्मिड (डीएनएचं छोटं वेटोळं) दिलेलं असतं, कोणी नुसतंच गोड बोललेलं असतं.

आकडे बघून नेमणुका करणं बंद करा. उमेदवाराला स्वतःचे पाच पेपर निवडू द्या आणि ते वाचा. सायटेशनचा विक्रम कोणाचा? ऑलिव्हर लॉरींच्या १९५१ च्या पेपरचा. विषय, नमुन्यात प्रथिन किती ते मोजायची पद्धत. ३ लाखांच्या वर! वॉटसन-क्रिकचा १९५३ चा डीएनएच्या डबल हेलिक्सचा पेपर त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

उभीरेघ
सपशेल असहमत. लॉरींना हसायचं कारण काय? लाखो प्रयोगांत ती पद्धत वापरली गेली, म्हणून उल्लेख झाले. उपयोगी पडणं हा काय गुन्हा?

आणि "वाचा" म्हणणं सोपं आहे. एका जागेला दोनशे अर्ज, समितीत पाच जण, त्यातला एक वनस्पतीवाला, एक केमिस्ट्रीवाला. कोण वाचणार आणि काय कळणार? मग चालतं काय, तर "हा अमक्याच्या लॅबमधला" आणि "तमक्यांनी फोन केला होता". ज्याला कोणी गॉडफादर नाही त्याच्या हातात निदान आकडा तरी असतो. दगडापेक्षा वीट मऊ.

पिपेटवाला
वीट मऊ असेल, पण डोक्यात घातली की लागतेच. सायटेशन वापर मोजतं, शोध नाही. डीएनएची दोन पेडी रचना इतकी अंगवळणी पडली की आता १९५३ चा पेपर उद्धृत करायची कोणाला गरजच वाटत नाही. बार्बरा मॅक्लिंटॉक घ्या. उड्या मारणारी जनुकं त्यांनी मक्यात दाखवली, १९५० मध्ये छापलीही, आणि नोबेल मिळालं १९८३ ला. मधल्या काळात समितीपुढे गेल्या असत्या तर? किंवा कॅटलिन कारिको: एमआरएनएच्या (पेशीला प्रथिन बनवायचा निरोप नेणाऱ्या रेणूच्या) नादापायी विद्यापीठानं पद खाली आणलं, पुढे २०२३ चं नोबेल.

उभीरेघ
कारिकोंचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय हो. त्यांची पदावनती १९९५ ची. एच-इंडेक्स हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला २००५ मध्ये. म्हणजे त्यांना खाली आणलं ते अनुदान मिळेना म्हणून आणि आसपासच्या जाणत्या लोकांना त्यांच्या विषयात दम दिसेना म्हणून. तुमची ती "वाचून ठरवणारी" मंडळी! (योगायोग बघा, सहकारी ड्रू वाइसमन यांच्यासोबतचा त्यांचा गाजलेला पेपरही २००५ चाच.)

खुर्चीटाक्या
🍿 चालू द्या.

तिसरं_नाव
पीएचडीचं पाचवं वर्ष, म्हणून दोन पैसे टाकते. एक जनुक बंद केलेले उंदीर तयार करून त्यांचं काम उरकायला मला चार वर्षं लागली. पेपर एक. शेजारचा मित्र संगणकावर डेटा तपासतो, त्याचे सहा. दोघं एकाच तक्त्यात. बरं, उंदीर माझे, पण बोलावणी येतात सरांना. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आणि आकड्यांचा धाक असला की काय होतं ते जवळून पाहिलंय. लॅबमधल्या एका चांगल्या कामाचे तीन तुकडे केले, तीन ठिकाणी छापले. एकत्र वाचले तरच अर्थ लागतो. मला वाटायचं जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर तरी बरा, पण तोही जर्नलमधल्या पेपरांच्या सायटेशनची सरासरी. चार पेपर धो-धो उद्धृत होतात आणि बाकीचे त्यांच्या जिवावर मिरवतात. संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलंय की माणसाचं मूल्यमापन त्यावर करू नका. सह्या भरपूर झाल्या. अर्जात तो रकाना अजून आहेच.

पिपेटवाला
@तिसरं_नाव, अगदी. शिवाय चुकीचा पेपरही मोजला जातोच. २००६ साली नेचरमध्ये आलेला अल्झायमरचा एक गाजलेला पेपर चित्रांत फेरफार आढळल्यानं २०२४ मध्ये मागे घेतला. तोवर त्याच्या नावावर २,००० पेक्षा जास्त सायटेशन.

उभीरेघ
तो सगळ्यांनी वाचलाही होता! वाचून कोणाला कळलं? असो. तुमच्या त्या ४० वाल्या गृहस्थांचे पाच पेपर तरी वाचलेत का तुम्ही?

पिपेटवाला
तीन वाचले. एक खरंच आवडला. स्वतःच्याच जुन्या पेपरमधला निष्कर्ष दुसऱ्या पेशींत टिकत नाही, हे त्यांनी स्वतः दाखवलंय. स्वच्छ कंट्रोल (तुलनेसाठीचे प्रयोग), कुठे सारवासारव नाही. जुन्या पेपरला ४०० सायटेशन, या दुरुस्तीला १९.

उभीरेघ
हं. त्या ४०० पैकी दुरुस्ती छापून आल्यानंतरची किती?

पिपेटवाला
मोजली नाहीत.

उभीरेघ
मग मोजा की. बघा, लागतातच आकडे.

पिपेटवाला
मोजतो. रविवारी.