मदत हवी आहे: केळीच्या उत्पन्नामुळे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र अडले आहे

नमस्कार.

मी यावल तालुक्यातील असून पदवीनंतर रेल्वे भरती मंडळाच्या आणि बँकांच्या परीक्षांची तयारी करीत आहे. आमची जात इतर मागासवर्गाच्या राज्य आणि केंद्र अशा दोन्ही याद्यांत आहे आणि जातीचा दाखला हाती आहे. अडले आहे ते नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, म्हणजे आपण इतर मागासवर्गातील आरक्षणाबाहेर ठेवलेल्या पुढारलेल्या गटात (क्रीमी लेयरमध्ये) मोडत नाही, याचा दाखला.

वडिलांची सहा एकर बागायत जमीन आहे आणि तिच्यात मृगबाग व कांदेबाग अशा दोन हंगामांत केळीची लागवड असते. गेल्या वर्षी केळीला चांगला भाव मिळाल्यामुळे तहसीलच्या दाखल्यात वडिलांचे उत्पन्न 8 लाखांच्या वर गेले आहे. एका वर्षी भाव मिळतो आणि पुढच्या वर्षी वादळाने बाग आडवी होते, हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगायला नको. परंतु तालुक्याच्या गावातील दाखल्यांचे अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रावर तो आकडा पाहताच, असे प्रकरण प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयाकडे पाठवताच येत नाही, असे मला सांगण्यात आले. शिवाय माझा थोरला भाऊ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात तंत्रज्ञ आहे, त्याचा पगारही कुटुंबाच्या उत्पन्नात मिळवावा लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

शेतीचे उत्पन्न या प्रमाणपत्रासाठी धरत नाहीत, असे मी वाचले आहे. ते खरे असेल तर कोणत्या आधारावर अर्ज पुढे न्यावा? भावाचा पगार खरोखर मिळवावा लागतो का? आणि राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र रेल्वेला चालते का? अर्जाची मुदत संपण्यापूर्वी कागद हाती आला नाही तर मला खुल्या प्रवर्गातून अर्ज करावा लागेल, आणि जो हक्क नियमानेच दिलेला आहे तो एका चुकीच्या समजुतीपायी सोडून देणे मला मान्य नाही. माहीतगारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद (धुळ्याहून):

ताई, आपण वाचलेले बरोबर आहे. मी महसूल खात्यात बरीच वर्षे काम केले असून ही गल्लत वारंवार पाहिली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या दाखल्यासाठी शेतीसह सर्व उत्पन्न धरले जाते, आणि त्याच दाखल्याचा नियम लोक येथेही लावतात. नॉन-क्रीमी लेयरचा पाया वेगळा आहे. केंद्राच्या 8 सप्टेंबर 1993 च्या कार्यालयीन ज्ञापनानुसार उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतजमिनीचे उत्पन्न मिळवायचे नसते. 2017 पासून 8 लाखांची असलेली मर्यादा उरलेल्या, म्हणजे व्यवसाय, घरभाडे, व्याज अशा उत्पन्नाला लागते, आणि तीही सलग तीन वर्षे ओलांडली गेली तरच.

शेतकऱ्यांसाठी त्याच ज्ञापनात जमिनीची स्वतंत्र कसोटी आहे. आई, वडील आणि अज्ञान (अल्पवयीन) मुले यांच्याकडे मिळून कमाल धारणेच्या, म्हणजे कायद्याने ठेवता येणाऱ्या जास्तीत जास्त जमिनीच्या, 85 टक्के किंवा त्याहून अधिक ओलीत जमीन असेल, तर उमेदवार क्रीमी लेयरमध्ये जातो. महाराष्ट्रात दोन पिकांना खात्रीचे पाणी असलेल्या जमिनीची कमाल धारणा 18 एकर आहे, म्हणजे ही रेषा सुमारे 15 एकरांवर येते. आपली सहा एकर जमीन तिच्या आसपासही नाही.

भावाच्या पगाराचा तर प्रश्नच येत नाही, कारण उमेदवाराची स्थिती आईवडिलांवरून ठरते, भावंडांवरून ठरत नाही.

माझ्या मते तीन वर्षांचे उत्पन्न एका ठोक आकड्यात न देता शेती, पगार आणि इतर असे वेगवेगळे दाखवावे. सातबारा आणि 8-अ चे उतारे सोबत जोडावेत, जेणेकरून प्रांत कार्यालयातील लिपिकाला बेरीज पाहून थांबावे लागणार नाही. केंद्रचालक अर्ज घेत नसतील तर ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून स्वतः भरावा. अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार 30 दिवसांत पहिले अपील करता येते. तोंडी नकारावर मात्र अपील उभे राहणे कठीण असते, म्हणून पोचपावती मिळवणे सर्वांत महत्त्वाचे.

रेल्वे, बँका किंवा वरणगाव आणि भुसावळचे आयुध कारखाने यांच्यासाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. महानिर्मितीसारख्या राज्याच्या कंपनीसाठी राज्याच्या नमुन्यातील लागते. दोन्ही प्रमाणपत्रांसाठी आताच अर्ज करावा.

प्रश्नकर्ती:

काका, मनापासून आभार. एक शंका उरते. वडील हंगामात ट्रॅक्टर भाड्याने देतात. ते उत्पन्न शेतीचे मानतात का?

प्रतिसाद (धुळ्याहून):

दुसऱ्याच्या शेतात भाड्याने चालवलेल्या ट्रॅक्टरचे पैसे आपल्या जमिनीतून आलेले नसल्याने ते इतर उत्पन्नातच दाखवावेत. रक्कम 8 लाखांच्या पुष्कळ खाली असेल, त्यामुळे लपवण्याचे काहीही कारण नाही. पुढे कागदपत्रांच्या तपासणीत एखादी माहिती दडवलेली आढळली, तर मिळालेली निवडही रद्द होऊ शकते. आणि जाहिरातीच्या शेवटी दिलेला नमुना छापून प्रांत कार्यालयात सोबत न्यावा, म्हणजे नेमका कोणत्या मजकुराचा कागद हवा आहे, याबद्दल तेथे वाद होणार नाही.