जुना बी-२७५ : नांगर नीट लागत नाही

कांदिवलीचा_सातारकर : मंडळी, कोरेगावला गावी वडलांच्या वेळचा महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर आहे. नवी बॅटरी टाकली, डिझेल लाइनमधली हवा काढली, पठ्ठ्या सुरू झाला! पण दोन फाळी (दोन पात्यांचा) नांगर लावला की पुढचा फाळ वरवर खरवडतो आणि मागचा खोल जातो. चुलतभाऊ म्हणतो, भंगारात दे, पन्नास एचपीचा भाड्याने आणू. काय करावं?

बोरिवलीचे_नाना : भाऊ काही म्हणू दे, ३५ एचपीला दोन फाळ जड नाहीत. तुमची टॉप लिंक, म्हणजे नांगराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा आट्यांचा दांडा, लांब झालीय. दोन-तीन आटे आखूड करा, नांगराचं तोंड खाली येईल. पहिलं तास (नांगराची ओळ) दोन्ही चाकं सपाटीवर ठेवून मारा. दुसऱ्या तासाला उजवं चाक सरीत उतरतं, ट्रॅक्टर कलतो, मग उजव्या बाजूचं लेव्हलिंगचं हँडल फिरवून नांगर परत सपाट करायचा. हल्लीची पोरं हे करत नाहीत आणि ट्रॅक्टरला शिव्या घालतात.

मी आकुर्ली रोडला ट्रॅक्टरच्या कारखान्यात असेंब्लीवर होतो. बी-२७५चं मूळ डिझाइन इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीचं, बांधणी आपल्या कांदिवलीत. मे महिन्यात रजा टाकून गावी गेलो की तेच मशीन मी शेतात चालवायचो. दिवसा ऊन सोसत नाही म्हणून नांगरट रात्री. एकच हेडलाइट चालू, म्हणून तास सरळ यावं यासाठी समोरच्या बांधावर कंदील टांगायचा. उजाडलं की ढेकळांतून हुमणी (मातीतली अळी) वर यायची आणि बगळे चाकाला चिकटून चालायचे, हॉर्नलाही भीक घालायचे नाहीत. बाबांचा भरवसा इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या गेजवर नव्हता. बांधाला वळताना थांबवून रेडिएटरजवळ हात धरायचे.

नगरी_गडी : नाना बरोबर, पण आधी फाळाची टोकं बघा. बोथट झाली असतील तर लोहाराकडून शेवटून (तापवून, ठोकून धार लावून) घ्या. आणि काळी जमीन असेल तर वळवाच्या पावसानंतर वाफसा आला, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी झाली, की नांगरा. कोरड्यात फाळ उड्याच मारणार.

कांदिवलीचा_सातारकर : टॉप लिंकचे आटे गंजून बसलेत, हलत नाहीत. डिझेल ओतून ठेवलंय.

बोरिवलीचे_नाना : रात्रभर मुरू द्या. मग पान्याला लांब पाइप लावून दोघांनी जोर करा. घण मारू नका, आटे चेपतील. सुटले की ग्रीस भरा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच.