दरवाजा आणि दरी गेमला एकच का वाटायलेत?

खडकवाट: देवगिरी किल्ल्यावर मजकुरी गेम बनवायलोय. भाषा इन्फॉर्म 6 (असे गेम लिहायची), गेम चालतो झेड-मशीन या आभासी यंत्राच्या आवृत्ती 5 वर. त्याच्या युनिकोड तक्त्यात (जादा अक्षरांच्या यादीत) देवनागरी भरली, अक्षरं नीट दिसतात. पण 'बघ दरवाजा' टाइप केलं की दरीचं वर्णन येतंय! दोन्ही समोर असले तर 'नक्की कुठलं?' विचारतंय. काहून?

गोदाकाठ: गेमला कळणाऱ्या शब्दांच्या कोशात प्रत्येक शब्दाचं माप आखूड आहे. आवृत्ती 5 मध्ये शब्दाला 5 बिटांचे 9 तुकडे मिळतात. इंग्रजी छोट्या अक्षराला 1 पुरतो. देवनागरी मूळ वर्णमालेत नाही, म्हणून तिच्या प्रत्येक चिन्हाला 4. 'दर' मध्येच 8 संपले. पुढचं मशीन बघतच नाही.

ही काटकसर जुनीच. विल क्राउथरचा 'अ‍ॅडव्हेंचर' हा मजकुरी गेम (1976च्या सुमारास, अमेरिकेत केंटकीतल्या मॅमथ केव्ह गुहेवर बेतलेला) पीडीपी-10 या जुन्या संगणकावर चालायचा. तिथं मेमरीच्या 36 बिटांच्या एका घरात 7 बिटांची 5 अक्षरं बसतात, म्हणून तो शब्दाची पहिली 5 अक्षरंच वाचायचा. 'नॉर्थईस्ट' पूर्ण लिहिलं तर 'नॉर्थ' समजायचा. नुसतं 'एनई' (नॉर्थईस्टची आद्याक्षरं) लिहा, अशी सूचना गेममध्येच होती. इन्फोकॉम या गेम कंपनीच्या सुरुवातीच्या गेमांत 6 अक्षरं.

तुम्ही झेड-मशीन सोडून ग्लल्क्स या दुसऱ्या आभासी यंत्रावर जा, इन्फॉर्म 6 तिथंही चालतं. सेटिंगमध्ये डिक्ट कॅरेक्टर साइझ (कोशातल्या एका अक्षराचे बाइट) 4 करा, डिक्ट वर्ड साइझ (शब्दाची अक्षरं) 9 वरून 20. ओळ वाचणारा भाग लॅटिनपुरताच असेल तर तोही युनिकोडचा करा, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येतील.

बारादरी: आणि 'बघ दरवाजा' असं कोण बोलतं राव? आपण 'दरवाजा बघ' म्हणतो. बिफोर-पार्सिंगमध्ये (गेम ओळीचा अर्थ लावण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये) शेवटचा शब्द उचलून पुढं आणा, मग ओळीचे शब्द पुन्हा पाडा. ते राहिलं तर पार्सर, म्हणजे ओळीचा अर्थ लावणारा भाग, जुनाच क्रम वाचतो.

विभक्तीचं दुखणं मोठं आहे. 'दिवा'चं 'दिव्याला', 'दिव्यानं' होतं. सरसकट 'ला' छाटाल तर 'किल्ला'च कापला जाईल, आणि तुमचा तर गेमच किल्ल्यावर! आधी अख्खा शब्द कोशात शोधा, नाही सापडला तरच प्रत्यय काढा. 'दिव्या' सारखी सामान्यरूपं (प्रत्ययाआधी बदललेली रूपं) मात्र वस्तूच्या नावांत हातानं घाला.

खडकवाट: ट्वाइन हे गेम बनवायचं साधन घेतलं तर ही कटकट वाचेल ना?

गोदाकाठ: वाचेल. तिथं दुव्यावर टिचकी मारायची, टाइप करायचंच नाही. पण अंधारीत (किल्ल्यातल्या अंधाऱ्या वाटेत) चाचपडत 'मशाल पेटव' स्वतः सुचण्यातली मजा जाते. माझं मत पार्सरलाच.

बारादरी: एक राहिलं, 'पायऱ्या'. काही कीबोर्ड थेट 'ऱ' देतात, काही र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखं, गेमला वेगळं. तुलनेआधी दुसऱ्या प्रकाराचं रूपांतर पहिल्यात करा. नुसत्या युनिकोड नॉर्मलायझेशननं (सारखी अक्षरं एका साच्यात आणायच्या ठरीव पद्धतीनं) हे जुळत नाही.