बाबांना चाचणीत घालावं का?

प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पोचलाय. डॉक्टरांनी नेहमीच्या केमोसोबत एक नवं औषध देण्याच्या चाचणीबद्दल विचारलंय. संमतीपत्राची चौदा पानं रात्री दोनदा वाचली, 'यादृच्छिक' या शब्दापाशी अडकले. बाबांच्या वाट्याला नुसती खोटी गोळी आली तर?

उत्तर: ताई, अशा चाचणीत तुलनेच्या गटालाही नेहमीचा उपचार मिळतोच. 'यादृच्छिक' म्हणजे नवं औषध कोणाला, एवढंच चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. आज रुळलेलं फोल्फिरिनॉक्स, म्हणजे चार औषधांचं मिश्रण, असंच तपासलं गेलं. २०११च्या निकालात मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, एकट्या जेमसिटाबिनवर (तेव्हाचं नेहमीचं केमो औषध) ६.८ महिने, मिश्रणावर ११.१.

उत्तर: आकडे खरे, पण ते अंगात ताकद असलेल्या रुग्णांचे. माझ्या आईला त्या मिश्रणातल्या ऑक्सालिप्लॅटिनने गार पाण्याचा पेला हातात धरवेना, बोटांत सुया टोचायच्या. मी पेल्याला रुमाल गुंडाळून द्यायचे. बाबा दिवसातले किती तास अंथरुणात असतात, ते डॉक्टरांना खरंखरं सांगा.

प्रश्नकर्ती: जेवायला स्वतः उठून बसतात अजून. झेपलं नाही तर मधेच सोडता येतं ना?

उत्तर: कधीही, कारण न सांगता. नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत. आणि सही बाबांची, त्यांनाही ती पानं वाचून दाखवा.