देवावर विश्वास आहे, पण मंडळीतील माणसांवर कसा ठेवावा?

प्रश्न : राजारामपुरीतील एक भगिनी

जय ख्रिस्त. मी कोल्हापुरातील एका मंडळीची (चर्चची) सभासद असून दर आठवड्याच्या घरगुती प्रार्थनासभेला जाते. पावसाळ्यात माझ्या भावाचा संसार मोडण्याच्या बेतात आला होता, म्हणून त्या सभेत मी प्रार्थनेची विनंती केली. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी स्कूटर काढत असताना, जिच्याशी माझी साधी ओळखही नाही अशा एका बाईंनी, "वहिनी माहेरी गेली ती परत आली का?" असे विचारले. ज्यांनी ही गोष्ट बाहेर नेली त्यांचे म्हणणे असे, की आम्ही प्रार्थनेसाठीच सांगितले. तेव्हापासून सभेत मी परीक्षा आणि प्रवास यांपलीकडे काहीही मागत नाही. देवावरचा माझा विश्वास ढळलेला नाही. उलट मनुष्यावर भिस्त ठेवणारा शापित आहे, हे बायबलमधील यिर्मया १७:५ चे वचन मला आता आधाराचे वाटते. असे राहून शिष्यत्वात वाढता येईल का?

उत्तर : शाहूपुरीकर

भगिनी, वचन अर्ध्यावर सोडू नये. जो मनुष्यबळालाच आपला बाहू मानतो आणि ज्याचे हृदय परमेश्वरापासून फिरते, त्याच्याविषयी ते आहे. यहूदा राज्याचे राज्यकर्ते बाबेलच्या (बॅबिलोनच्या) भीतीने मिसरच्या (इजिप्तच्या) सैन्याकडे डोळे लावून बसत, तो हा काळ आहे. शेजारच्या भावाबहिणीपुढे मन मोकळे करू नका, असा त्याचा अर्थ मला तरी दिसत नाही.

शिवाय हे वचन सांगणाऱ्या संदेष्ट्याचे पुढे काय झाले ते ३८ व्या अध्यायात पाहा. सरदारांनी यिर्मयाला हौदात सोडले. पाणी नव्हते, नुसता चिखल होता आणि तो त्यात रुतला. त्याला काढायला राजवाड्यातील एबद-मलेख नावाचा एक कूशी, म्हणजे परका माणूस, राजाची परवानगी घेऊन आला. येताना त्याने भांडाराच्या खालून जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे आणले, ते दोरांनी खाली सोडले आणि 'हे काखेत, दोरांच्या खाली घाल' असे सांगितले, म्हणजे दोर काचणार नाहीत. यिर्मयाने तसे केले. त्याची भिस्त देवावरच होती, तरी दोर माणसांच्या हातात होता, आणि वर ओढणाऱ्या माणसाला काचण्याचीही काळजी होती. आपल्या मंडळीत असे कोण आहे, एवढाच शोध घ्यावा. ज्याला दुसऱ्याची काख आठवते त्याच्याच हाती आपला दोर द्यावा. सगळ्या सभेच्या हाती देण्याचे बंधन कोणी घातलेले नाही.

उत्तर : मिरजेची निवृत्त शिक्षिका

वरील उत्तर पटले, पण आपल्याकडचे एक वास्तव त्यात राहून गेले. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, आणि त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर, भाऊबंद, पाणवठा, सारेच तुटत असे. मंडळी हेच त्यांचे घर झाले. पुढे पिढ्यानपिढ्या आपापसांतच सोयरिकी झाल्या. त्यामुळे कोल्हापूर, मिरज, सांगली या पट्ट्यात सभेत सांगितलेली गोष्ट म्हणजे नात्यातच सांगितलेली गोष्ट होते, आणि नात्यातील गोष्ट लग्नाच्या पंगतीत पोहोचायला वेळ लागत नाही. यामागे नेहमीच दुष्टपणा असतो असे नाही; मात्र त्याचा त्रास खराच असतो.

पुष्कळांनी येशूच्या नावावर विश्वास ठेवला, तरी त्याने आपला भरवसा त्यांच्यावर टाकला नाही, असे योहान २:२३-२४ सांगते. धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करतानाही त्याने तिघांनाच जवळ नेले, आणि तेही झोपी गेले. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेले दान नेताना प्रेषित पौलाने तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:१६-२१). बांधवांवर विश्वास आहे म्हणून हिशेब ठेवायचा नाही, असे त्याने कोठेही म्हटले नाही. तुमच्या बाबतीत मत्तय १८:१५ प्रमाणे ज्या भगिनीने गोष्ट बाहेर नेली तिला एकटीला भेटा. तिच्या घरी जा. फोनवर हे बोलणे नीट होत नाही.

उत्तर : एक तरुण सभासद

क्षमा असावी, पण दुखावलेल्या व्यक्तीनेच शोध घ्यावा आणि तिनेच भेटायला जावे, असा सारा भार तिच्यावर का? जो सभा चालवतो त्याने प्रार्थना सुरू होण्याआधीच स्पष्ट सांगावे, की येथील विनंती सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. आमच्या तरुण संघात ही प्रथा आहे. आणखी एक : गोष्ट भावाची होती, तेव्हा यापुढे त्याच्या घरासाठी कोठे प्रार्थना मागावी, हे त्यालाच विचारलेले बरे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. भावाला विचारले, त्याने पाळकसाहेब आणि आमच्या मावशी, एवढ्या दोघांना सांगायला हरकत नाही असे म्हटले. सभेच्या नियमाविषयी पाळकसाहेबांशी मी बोलणार आहे. त्या भगिनीकडे जाण्याचे मात्र अजून मनाला झेपत नाही; मिरजेच्या बाई, यासाठी तुमच्या प्रार्थनेत माझी आठवण असू द्या.