तापीतून समुद्रात जाणारे प्लास्टिक: खान्देशाचा वाटा किती?

प्रश्न (रावेर): आमच्या केळीपट्ट्यात घडांवर चढवलेल्या पिशव्या आणि फाटलेला मल्चिंग पेपर (पिकाभोवती जमिनीवर अंथरतात ते पातळ प्लास्टिक) बांधावर किंवा नाल्यात टाकला जातो. समुद्र इतका दूर असताना हा कचरा खरोखर तिथवर पोहोचतो का?

उत्तर (भुसावळ): दादा, सगळा पोहोचत नाही. तापी 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, पण वाटेत हतनूर आणि उकाई ही धरणे असल्यामुळे जड कचरा बराचसा गाळात अडकतो. तरंगणाऱ्या पातळ पिशव्या मात्र पुराच्या वेळी दरवाजे उघडले की पुढे जाऊ शकतात, आणि उन्हाने ठिसूळ होऊन त्यांचे 5 मिलिमीटरहून लहान तुकडे झाले, की ते वेचणे जवळजवळ अशक्य होते.

उत्तर (धुळे): पांझरेचेही तेच, तीही तापीलाच मिळते. शेतकऱ्यालाच दोष देणे मला पटत नाही. शहरांचा कचराही नाल्यांतूनच नदीत येतो. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, तरी बाजारात पातळ पिशवी न मागता मिळते.

प्रश्नकर्ता: मग शेतातल्या पिशव्यांचे काय करावे?

उत्तर (भुसावळ): जाळू नका, धूर विषारी असतो. काढणीच्या दिवशीच, माती लागण्याआधी, गोळा करून कोरड्या ठेवा. मातकट प्लास्टिक भंगारवाला सहसा घेत नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या मात्र तो आनंदाने नेतो.